आगगाडी गेली, वाट राहिली

आमच्या वाड्यांत जिन्याखालीं एक काळी सायकल गेलीं अकरा वर्षें उभी आहे. तिच्यावर बसून आम्ही तीस वर्षें शाळेंत गेलों आलों. तिच्या साखळीस तेल आम्हीं स्वतः घातलें आणि पंक्चरहि बहुधा स्वतःच काढलें. नोकरीचीं शेवटचीं कांहीं वर्षें राहिलीं असतां एका तिन्हीसांजेस एक मालमोटार हँडलास चाटून गेली आणि आम्ही गटाराच्या कांठीं जाऊन पडलों. हाड मोडलें नाहीं. चष्मा फुटला आणि कोपर सोलवटलें. घरीं येतांच सौभाग्यवतींनीं सारा वृत्तांत ऐकूनहि न घेतां आम्हांस शपथ घातली, आणि त्या दिवसापासून सायकल जिन्याखालीं गेली व आम्ही रिक्षांत. आमचा नातू आतां बारा वर्षांचा आहे. त्याच्याजवळ सायकल आहे, पण ती चौकांतल्या चौकांत फिरते. फाटकाबाहेर तिला मज्जाव आहे. आणि हा मज्जाव आम्हींच घातलेला आहे, हें सांगतांना आम्हांस बरें वाटत नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त फ्रान्समधील ल्यों शहरीं सहकुटुंब राहतो. गेल्या वर्षीं सप्टेंबरांत त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तिकडे गेलों होतों. तेथें पोंचल्यावर चौथ्या दिवशीं जेवतांना तो म्हणाला, “काका, आपण तीन दिवस सायकलीनें प्रवास करूं. वाटेवर एकहि मोटार येणार नाहीं.”

आम्ही उत्तर देण्यापूर्वींच सौभाग्यवती म्हणाल्या, “अरे, तुमच्या या देशांत मोटारी नाहींत असें सांगतोस काय?”

“काकू, तो रस्ता मोटारींचा नाहींच मुळीं. आगगाडीचा आहे.”

“मग आगगाडी येईल!”

एवढें मात्र खरें कीं त्या मार्गावर आतां आगगाडी यावयाची नव्हती. तिच्या येण्याजाण्याचा काळ केव्हांच सरला होता, आणि तिच्या रुळांच्या जागीं सुमारें तीन मीटर रुंदीची गुळगुळीत डांबरी वाट झाली होती. फ्रेंच भाषेंत अशा वाटेस ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, असें म्हणतात. यांतील पहिल्या शब्दाचा उच्चार आपण शाबासकी देतांना करितों तसाच करावयाचा असतो. आमची नऊ वर्षांची नात कोणतेंहि नवें गांव दिसलें कीं दोन्ही अर्थांनीं तो करीत असे. हा शब्द लॅटिन ‘विया’पासून आला, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें आपल्या ‘वह्’ धातूशीं जोडतात. म्हणजे वाहन आणि ही वाट एकाच घराण्यांतलीं. मात्र या घराण्यांतील इंजिनाच्या शाखेस येथें प्रवेश नाहीं. २००४ सालीं फ्रान्सच्या वाहतूक-नियमांत या वाटांस स्वतंत्र स्थान मिळालें. त्या वेळीं पायीं चालणारे, घोडेस्वार आणि बिनइंजिनाचीं वाहनें यांच्यासाठींच त्या राखल्या गेल्या. पायडल मारणाऱ्यास विजेची मदत देणारी सायकल तेवढी सायकलच मानली जाते. तिची मोटर अडीचशें वॅटपेक्षां मोठी असतां कामा नये आणि तासाला पंचवीस किलोमीटरचा वेग झाला कीं ती आपोआप बंद पडली पाहिजे.

या वाटांची पूर्वपीठिका थोडी सांगितली पाहिजे. १८७९ मध्यें शार्ल द फ्रेसिने या मंत्र्याच्या योजनेनुसार फ्रान्सच्या आडवळणाच्या तालुक्यांपर्यंत लोहमार्ग नेण्याचा कायदा झाला. डोंगर फोडले, पूल बांधले, खेड्याखेड्याला स्टेशन झालें. पुढें मोटारी आणि बसगाड्या आल्या, उतारू तिकडे वळले, आणि विसाव्या शतकांत असे शाखामार्ग एकामागून एक बंद पडत गेले. रूळ उपटले गेले. खालची भर, बोगदे आणि पूल मात्र राहिले. आतां हा वारसा सायकलस्वारास किती सोयीचा पडावा! लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतें, त्यामुळें आगगाडीस मोठी चढण चालत नाहीं. आणि जी चढण इंजिनास सोसते ती साठी उलटलेल्या गुडघ्यांसहि सोसते. इंजिनियरांनीं शंभर सव्वाशें वर्षांपूर्वीं डब्यांसाठीं जो विचार केला, त्याचें फळ आज आमच्यासारख्यांच्या पदरीं पडतें. वळणेंहि तशींच, मोठीं आणि सावकाश.

आम्ही ज्या वाटेनें गेलों ती फ्रान्समधील अशी पहिली वाट म्हणून प्रसिद्ध आहे. बुर्गोन्य प्रांतांत झिव्री गांवापासून क्ल्यूनी गांवापर्यंतचा ४४ किलोमीटरांचा हा जुना लोहमार्ग १९९७ मध्यें सायकलींस खुला झाला. पुढें तिला दोन्ही बाजूंनीं जोड मिळाली, आणि आतां उत्तरेकडील शालों-स्युर-सोन या शहरापासून दक्षिणेच्या माकों शहरापर्यंत सुमारें सत्तर किलोमीटर जातां येतें. आम्हीं त्याचे तीन दिवस केले. तरणीताठी माणसें एका दिवसांत संपवितात. त्यांस आमचा नमस्कार.

मंडळींची वांटणी अशी झाली. पुतण्या, नात आणि आम्ही सायकलीवर. सौभाग्यवती आणि सूनबाई बसनें. शालों, क्ल्यूनी आणि माकों यांस जोडणारी बस त्याच खोऱ्यांतून जाते, म्हणून मुक्कामाच्या गांवीं रोज संध्याकाळीं सर्वांची गांठ पडे. बरोबर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळपापडीच्या वड्या घेतल्या होत्या. शालों हें गांव नीसेफोर न्येप्स या छायाचित्रकलेच्या आद्य संशोधकाचें जन्मस्थान. १७६५ मध्यें तो तेथें जन्मला आणि त्याच्या नांवाचें संग्रहालयहि तेथें आहे. पण आमचें चित्त त्या दिवशीं संग्रहालयांत रमण्यासारखें नव्हतें. अकरा वर्षांनीं सायकलीवर बसावयाचें होतें.

पुतण्यानें आमच्यासाठीं विजेची सायकल भाड्यानें घेतली होती. आम्हांस न विचारतां. याचा आम्हांस थोडा रागच आला, आणि पहिला सारा दिवस आम्हीं तिची मोटर बंद ठेवून ती चालविली. झिव्रीच्या पुढें द्राक्षांचे मळे लागतात. ब्यूसी नांवाच्या गांवाभोंवतीं तर टेकड्यांच्या उतारावर रांगाच रांगा दिसतात, जणूं कोणीं फणीनें डोंगराचे केंस विंचरले आहेत. त्या द्राक्षांचें जें होतें त्यासाठीं ही गांवें जगप्रसिद्ध आहेत. आम्ही मात्र तोडणीला आलेल्या त्या घोंसांकडे पाहूनच तृप्त झालों. पुढें कुरणें आणि त्यांत शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र धिप्पाड गाई. जुन्या स्टेशनांच्या इमारती अजून उभ्या आहेत.

पहिल्याच दिवशींची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ब्यूसीच्या अलीकडे वाट झाडींतून एक लांब वळण घेते. नात पुढें होती. बघतां बघतां ती वळणाआड दिसेनाशी झाली. आमच्या तोंडून “थांब! थांब!” अशी हांक निघाली, आणि ती एवढी मोठी कीं समोरून येणारें एक वृद्ध जोडपें दचकून बाजूला झालें. छाती धडधडूं लागली. पुतण्या शांतपणें म्हणाला, “काका, जाऊं दे तिला. पुढें आडवा रस्ता आला कीं ती स्वतःच थांबते.” वळण संपल्यावर पाहतों तों खरोखरच एक गांवरस्ता वाटेस छेदून जात होता, आणि त्याच्या अलीकडे अडसराशीं ती एक पाय टेकून उभी होती, डावीकडे पाही, उजवीकडे पाही. अशा छेदाच्या जागीं बहुधा हिरव्या वाटेवरील माणसानेंच थांबावयाचें असतें, आणि हें तिला शाळेंतल्या पाढ्यांइतकें पाठ होतें. नऊ वर्षांची पोर आमच्या दृष्टीआड अर्धा मैल एकटी गेली होती. आमच्या बारा वर्षांच्या नातवास हें भाग्य एकदांहि लाभलेलें नाहीं. त्यानंतर बराच वेळ आम्ही कांहीं बोललों नाहीं.

सें-झांगू-ल-नास्योनाल येथें मुक्काम झाला. या गांवाच्या नांवांत पूर्वी ‘राजाचें’ या अर्थाचा शब्द होता. राजा गेला आणि त्या जागीं ‘राष्ट्राचें’ हा शब्द आला. रात्रीं गुडघ्यांनीं आपलें म्हणणें स्पष्ट मांडलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं मुकाट्यानें मोटरचें बटण दाबलें. पुतण्या हंसला नाहीं, हा त्याचा चांगुलपणा. त्यानें उलट आम्हांस पॉल द व्हिव्ही या गृहस्थाची कथा सांगितली. ल्योंहून जवळच असलेल्या सेंत-एत्येन शहरांत राहणारे हे गृहस्थ (१८५३–१९३०) ‘व्हेलोसियो’ या टोपणनांवानें लिहीत आणि सायकल-पर्यटनाचें एक मासिक चालवीत. चढणीप्रमाणें दांते बदलण्याची युक्ति ही म्हाताऱ्यांची आणि बायकांची चैन, असें शर्यतवाले म्हणत असतांना यांनीं तिचा हिरिरीनें पुरस्कार केला. लॅटिन ग्रंथांचा त्यांस नाद होता आणि ते शाकाहारी होते. प्रवाशांसाठीं त्यांनीं सात नियम घालून दिले होते. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, प्रवासांत मद्यमांस आणि तंबाखू वर्ज्य करावीं, असा त्यांचा आशय. शेवटचा नियम असा कीं केवळ अहंकारासाठीं पायडल मारूं नये. हा नियम आम्हांस एक दिवस उशीरां कळला. ज्यानें एवढ्या लोकांस रस्त्यावर आणलें तो हा पुरुष अखेर शहरांतील रस्त्यावरच ट्रामच्या धक्क्यानें गेला.

दुसऱ्या दिवसाची वाट सांवलीची होती. तो सोमवार होता. फ्रान्समधील खेड्यांत सोमवारीं दुकानें बहुधा बंद असतात, आणि इतर दिवशींहि दुपारीं बारा वाजले कीं दोन तास सारें गांव जेवावयास जातें. प्रवाशानें हें ध्यानांत ठेवावें. आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. नातीनें आम्हांस एका लहान गांवाच्या कडेला, भिंतीनें वेढलेल्या आवारांत नेलें. आंत पाहतों तों क्रूस आणि संगमरवरी शिळा! आम्ही उंबऱ्यांतच थबकलों. ती म्हणाली, “आजोबा, इथें सगळे सायकलवाले स्मशानांतच पाणी भरतात. फुलझाडांना घालायला नळ असतो ना!” नळावर ‘पिण्याजोगें नाहीं’ अशी पाटी नाहीं एवढी खात्री करून घ्यावी, मग हरकत नाहीं, असें पुतण्यानें सांगितलें. आम्ही क्षणभर विचार केला आणि प्यालों. पाणी थंड व गोड होतें. रात्रीं सौभाग्यवतींनीं चौकशी केली तेव्हां “गांवच्या नळाचें” असें उत्तर दिलें. तें खोटें नव्हतें. हा लेख छापून येईल तेव्हां उरलेला तपशील त्यांस कळेलच.

कोर्मातें येथील सतराव्या शतकांतला प्रासाद आम्हीं बाहेरूनच पाहिला. तेझे येथील ख्रिस्ती बंधुसंघाचें स्थान, १९४० मध्यें स्थापन झालेलें, वाटेवरून जवळच आहे. देशोदेशींचीं तरुण मुलेंमुली तेथें येतात, आणि त्यांच्यापैकीं कांहीं पाठीला पिशव्या लावून आमच्या शेजारून चालत होतीं. दुपार कलतां क्ल्यूनी आलें.

क्ल्यूनीस आम्ही एक दिवस जास्त काढला असता तर बरें झालें असतें. ९१० मध्यें स्थापन झालेला येथील मठ एके काळीं साऱ्या पश्चिम युरोपांतील शेंकडों मठांचा धनी होता. १०८८ मध्यें आरंभिलेलें त्याचें तिसरें मंदिर १८७ मीटर लांबीचें होतें; रोमचें सेंट पीटर उभें राहीपर्यंत ख्रिस्ती जगांत त्याहून मोठें मंदिर नव्हतें. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९८ मध्यें, तें विकलें गेलें आणि घेणाऱ्यांनीं तें दगडांची खाण म्हणून वापरलें. पंचवीस वर्षें तोडणें चाललें होतें. आज त्याचा एक बाहु आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा एवढेंच उभें आहे. त्या मनोऱ्याखालीं मान वर करून उभें असतां आमच्या मनांत त्याच गांवांतून जाणाऱ्या त्या बंद पडलेल्या लोहमार्गाचा विचार आला. तोहि असाच तुकड्यातुकड्यांनीं विकतां आला असता. फ्रान्समध्यें पुष्कळ मार्गांचें तसें झालेंहि: मधला एक तुकडा शेतकऱ्यानें नांगरला, दुसऱ्यावर कोणाचें घर झालें, आणि पुढें वाट करावयाची ठरली तेव्हां ठिकठिकाणीं मोटारींच्या रस्त्यावरून वळसे घ्यावे लागले. लोहमार्गाचें सारें मोल त्याच्या अखंडपणांत आहे. सत्तर किलोमीटरांतील शंभर मीटर गेले तरी नऊ वर्षांच्या मुलीस एकटें पुढें सोडतां येत नाहीं. सोन-ए-ल्वार जिल्ह्यानें ही पट्टी वेळींच सलग राखली, डांबर पुढें घातलें. यांत राखणें हेंच मुख्य काम, असें आमचें मत आहे. दगड वाहून नेणाऱ्यांच्या गांवीं हें व्हावें याचें आम्हांस नवल वाटलें.

तिसऱ्या दिवशीं बोगदा. ब्वा-क्लेर नांवाच्या खिंडीखालून सोळाशें मीटर लांबीचा जुना रेल्वेचा बोगदा आहे, आणि सायकली त्यांतूनच जातात. आंत दिवे आहेत, पण बाहेरचें ऊन सोडून शिरतांच अंगावर शहारा येतो. गरम बंडी हाताशीं असावी. हिवाळ्यांत हा बोगदा बंद ठेवितात, कारण तेव्हां तेथें वटवाघळें शीतनिद्रा घेतात आणि त्यांच्या झोपेस कायद्याचें संरक्षण आहे. त्या महिन्यांत येणाऱ्यानें खिंड चढून जावें. त्याच डोंगरांतून १९८१ मध्यें सुरू झालेला पॅरिस-ल्यों हा अतिवेगवान लोहमार्गहि जातो. नव्या आगगाडीला वेगळी वाट, जुन्या आगगाडीच्या वाटेवर आम्ही आणि वटवाघळें. नातीनें बोगद्यांत रामरक्षेचा पहिला श्लोक मोठ्यानें म्हटला, प्रतिध्वनि येतो म्हणून. अंधाराची भीति नव्हती, असें तिनें बजावून सांगितलें. पलीकडे उतार आहे, आणि माकोंपर्यंत पायडल फारसें मारावें लागत नाहीं.

ज्या वाचकांचीं मुलेंबाळें तिकडे आहेत त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. फ्रान्समध्यें लोहमार्गांखेरीज कालव्यांच्या कांठींहि अशा वाटा आहेत. पूर्वी नावा दोरानें ओढणारे घोडे आणि माणसें ज्या पाऊलवाटेनें चालत, तीच आतां सायकलींची झाली. पाणी सपाट म्हणून वाटहि सपाट, केवळ जलद्वारापाशीं लहानसा चढ किंवा उतार. दक्षिणेंतील ‘मिदी’ कालवा सर्वांत प्रसिद्ध. प्येर-पॉल रीके यानें १६६६ मध्यें त्यास आरंभ केला, १६८१ मध्यें तो खुला झाला, आणि तो पाहावयास रीके राहिला नाहीं. तो आदल्याच वर्षीं वारला होता. सुमारें २४० किलोमीटर लांबीच्या या कालव्याच्या कांठावरचे प्लेन वृक्ष, म्हणजे काश्मीरच्या चिनाराचे भाऊबंद, हें त्याचें वैभव होतें. २००६ मध्यें तेथें एका बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हांपासून हजारों झाडें तोडून जाळावीं लागलीं. त्यांच्या जागीं दुसऱ्या जातीचीं रोपें लावीत आहेत. तूलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर वाट पक्की आहे, पुढें मुळ्या आणि खडी. ब्रतान्य प्रांतांतील नांत-ब्रेस्त कालवा ३६४ किलोमीटरांचा. इंग्रजी आरमाराच्या वेढ्यांतून सुटण्यासाठीं नेपोलियननें तो काढविला. १९३० च्या सुमारास गेर्लेदां येथील धरणानें त्याचे दोन तुकडे झाले, आणि नावांचा सलग प्रवास संपला. सायकल मात्र धरणाला वळसा घालून जाते.

‘हिरवी वाट’ आणि ‘व्हेलोरूत’ यांत गफलत करूं नये. दुसऱ्या शब्दाचा अर्थ केवळ खुणा लावलेला सायकलींचा लांब मार्ग; त्यांत हिरव्या वाटाहि येतात आणि मोटारींची थोडी वर्दळ असलेले गांवरस्तेहि. ल्वार नदीकांठचा सुमारें नऊशें किलोमीटरांचा सुप्रसिद्ध मार्ग या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो सुंदर असेल, पण लहान मुलें बरोबर असतां नकाशा आधीं नीट पाहावा. स्थानिक आगगाड्यांतून सायकल नेतां येते, अतिवेगवान गाडींत मात्र तिची जागा आधीं राखावी लागते. ‘आक्योय व्हेलो’ अशी पाटी असलेल्या निवासांत सायकलीस कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीचीं हत्यारें मिळतात. खाण्याचें म्हणाल तर पाव, फळें आणि दूध सर्वत्र आहे. चीजविषयीं मात्र चौकशी करावी, कारण पुष्कळ प्रकारांत दूध विरजावयास वासराच्या कोठ्यांतील द्रव्य वापरतात. हें सूनबाईंनीं काकूंस तिसऱ्या दिवशीं सांगितलें, ही त्यांची चूक कीं शहाणपण याचा निर्णय अजून लागलेला नाहीं.

माकोंच्या बाजूस वाट जेथें संपते तेथें सौभाग्यवती एका बांकावर बसून आमची वाट पाहत होत्या. त्यांच्या हातांत शपथेचें निरसन करणारें कांहीं नव्हतें, केवळ पाण्याची बाटली होती. त्यांनीं आमच्या कोपराकडे पाहिलें, मग सायकलीकडे, आणि विचारलें, “एकहि मोटार आली नाहीं?” आम्ही म्हणालों, “आडव्या गेल्या, समोरून एकहि नाहीं.” त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. बसमधून दोन तीन ठिकाणीं त्यांस ती वाट दिसली होती, आणि एका ठिकाणीं त्यांच्याच वयाची एक बाई तीन चाकांच्या सायकलीवर टोपलींत भाजी घालून जातांना दिसली होती, हें आम्हांस सूनबाईंकडून मागाहून कळलें.

परत आल्यावर नातवाचें पारपत्र काढावयास दिलें आहे. पुतण्याचें पत्र आलें आहे कीं येत्या उन्हाळ्यांत नांत-ब्रेस्त कालव्याचा पूर्वेकडील भाग करूं. त्यास उत्तर लिहितांना सौभाग्यवतींनीं आमच्याकडून एक ओळ जास्त घालविली: तेथें तीन चाकांची सायकल भाड्यानें मिळते काय, आणि टोपलीसकट मिळते काय. उत्तर अजून यावयाचें आहे.